लडकू छप्पन्न किलो

लडकू वजनकाट्यावर उभा होता आणि सुई छप्पन्न किलोवर मेल्यासारखी पडली होती.

प्रितमने वहीतली ओळ पुन्हा वाचली, या खेपेला हळू. “आणि मोराचं पीस अलगद तिच्या तळपायाशी आलं…”

छप्पन्न.

“हस ना रे, बाबा.”

“येत न्हाय तर कसा हसू, दादा? मागल्या महिन्यात तुम्ही नुसता ‘काख’ म्हटला तरी माझा जीव जायाचा. आता सवय झाली.”

राहनाळच्या गोदामात माल तोलायला ठेवलेल्या या तबकडीच्या काट्यावर प्रितम दोन महिने गोष्टी तोलत होता. हमाल लडकू हा पंचक्रोशीतला सगळ्यांत जास्त गुदगुल्या होणारा माणूस. त्याला काट्यावर उभं करायचं आणि गोष्ट वाचायची. सुई थरथरली तर वाक्य ठेवायचं, नाही थरथरली तर खोडायचं.

भिवंडीतल्या वाचनालयाचे दत्तोपंत २००५च्या दिवाळीला ‘गुदगुली विशेषांक’ काढत होते. प्रितमच्या तीन गोष्टी त्यांनी परत पाठवल्या, तिन्हींवर एकच शेरा मारून: ‘पात्रांना गुदगुल्या होतात. वाचकाला होत नाहीत.’ शेवटची मुदत आज, संध्याकाळी पाच. आणि गोदामाचे मालक केसरीनाथ, म्हणजे प्रितमचे वडील, यांनी शब्द दिला होता की यंदा नाव छापून आलं नाही तर सगळ्या वह्या पाणी तापवायच्या बंबात. ते दिलेला शब्द पाळणारे होते.

प्रितमने कसूर केली नव्हती. तळपायाला मिठाचं पाणी लावून त्याने शेजारच्या पुतळाबाईंची शेळी चाटायला बसवली होती. हातात वही होती, अनुभव ताजा उतरावा म्हणून. अनुभव ताजाच उतरला. अक्षर मात्र कोणालाच लागलं नाही, त्याला स्वतःलासुद्धा.

साडेतीन वाजले.

“दुसरी हाय का?” लडकू म्हणाला. “पाय दुखायला लागले.”

दुसरी होती. आज सकाळी वैतागून एका दमात लिहिलेली, आणि कोणाला दाखवायची नाही असं ठरवलेली. एक जमीनदार. अख्खं गाव त्याला टरकून. पण शिंप्याने मापाची पट्टी काखेखाली नेली की हा किंचाळत दुकानाबाहेर पळतो. शेवटी मुलीच्या लग्नात थोरल्या भावाच्या मापाचा कोट घालून उभा राहतो, आणि एकाही फोटोत त्याची बोटं दिसत नाहीत.

पहिल्या परिच्छेदाला सुई साठपर्यंत जाऊन आली. दुसऱ्याला लडकू काट्यावरून खाली पडला.

“शेठचा कोट!” तो पोट धरून जमिनीवर लोळायला लागला. “उन्नतीताईच्या लग्नातला शेठचा…”

दारात केसरीनाथ उभे होते.

“ट्रक भरायचा सोडून हा लोळतोय कशाला?”

“काटा तपासत होतो, बाबा,” प्रितम म्हणाला.

“असा?” केसरीनाथ चपला काढून स्वतःच काट्यावर चढले. सुई ब्याण्णववर गेली आणि शिस्तीत थांबली. “काटा बराबर हाय. वही आण इकडं.”

प्रितमने दिली. बंबाचा धूर त्याला आत्तापासूनच डोळ्यांत झोंबायला लागला.

केसरीनाथ ओळीखाली बोट ठेवून वाचत, ओठ हलवत, सावकाश. चेहऱ्यावर काही नाही. हा चेहरा लेकीच्या, उन्नतीच्या पाठवणीला असाच होता, आणि म्हशीने लाथ मारली तेव्हाही. लडकू रांगत रांगत गठ्ठ्यांमागे गेला. प्रितमला वडिलांकडे बघवेना. त्याने मान खाली घातली, तर समोर तबकडी आली.

सुई हलत होती. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. ब्याण्णव. पंच्याण्णव.

त्याने वर पाहिलं. चेहरा तोच. फक्त नाकपुड्या फुगल्या होत्या, आणि दोन्ही कोपर बरगड्यांशी घट्ट आवळून धरले होते.

“यो जमीनदार कोन?” केसरीनाथांनी विचारलं.

“मनातला हाय, बाबा.”

“हां.” सुई शंभरला शिवून आली. “आनी तू खाली काय बघतोस मघापासून?”

“वजन.”

“किती भरलो?”

“ठरत न्हाय, बाबा.”

“मग थांबतो जरा,” केसरीनाथ म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.