फुकटचा पास

नंदाखाल गावातल्या केळीच्या वाड्यांमधून चर्चला जाणाऱ्या जुन्या वाटेवर बिल्डरने गेट बसवलं, आणि गावात कुणी ओरडायच्या आत घरोघरी फुकट पासही वाटले. "बिल्डर असूनही माणूस चांगला आहे," म्हणत सगळ्यांनी ते गळ्यात अडकवले.

लूर्डसबायने मात्र वकील लेकीला फोन लावला.

"आई, त्या वाटेने आपण पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे, कुणालाही न विचारता चालत आलोय," शर्ली म्हणाली. "कायद्यात याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. पास घेतलास की ती झाली परवानगी. आणि परवानगी देणारा ती उद्या काढूनही घेतो."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी अख्खं गाव गेटसमोर उभं राहिलं, पण एकाच्याही गळ्यात पास नव्हता. वॉचमन गडबडला. लूर्डसबायला म्हणाला, "पास नसू दे, आजी. मी साहेबांना फोन करून विचारतो. ते नाही म्हणणार नाहीत."



"खबरदार विचारलंस तर!" म्हणत लूर्डसबायने गेट ढकललं.