जन्मापासून

“जन्मापासून. एवढंच म्हणायचं,” माणिकराव दबक्या आवाजात म्हणाले. “ताप, दवाखाना, काईच बोलायचं न्हाई.”

रूपाबाईनं मान हलवली. तिच्या कडेवर साडेतीन वर्षांची पुजा होती. हिंगोलीच्या दवाखान्यात बहिऱ्या लेकरांचं शिबिर भरलं होतं. मुंबईची एक संस्था निवडक मुलांच्या कानात ऑपरेशन करून मशीन बसवणार होती, सगळा खर्च तिचा. माणिकराव त्या संस्थेची बिलं करायचे. प्रत्येक आजाराचा एक कोड असतो, हे त्यांनीच सकाळी रूपाबाईच्या नवऱ्याला, गोपीचंदला समजावलं होतं. जन्मतः बहिरं असेल तर एक कोड, आजारानं कान गेले तर दुसरा. संस्था पहिल्यालाच मंजुरी देत होती. मागल्या साली कनेरगाव नाक्याच्या एका पोराचं प्रकरण दुसऱ्या कोडामुळं परत आलं आणि पोरगं तसंच राहिलं. ते माणिकरावांच्या मनाला लागलं होतं. आता ते लेकराच्या बापाला दारातच गाठायचे.

गोपीचंदनं नांदेडच्या दवाखान्याचे कागद तांड्यावरच ठेवले होते. तीन महिन्यांमागं, दिवाळीत पुजाला ताप चढला, मान लाकडासारखी ताठ झाली. लेकरू वाचलं, पण घरी आल्यावर हाका मारल्या तरी वळेना. मग हळूहळू तिचे शब्द गळायला लागले. पाणी गेलं. बकरी गेली. बापाचं नाव गेलं.

आत डॉक्टर आयेशा बसल्या होत्या, औरंगाबादहून आलेल्या. त्यांनी पुजाचे कान पाहिले, तपासणीच्या पट्टीवरची सरळ रेघ पाहिली.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

“जन्मापासून,” गोपीचंद म्हणाला.

डॉक्टरांनी पेन उचललं. लिहिता लिहिता सहज रूपाबाईला विचारलं, “म्हणजे एकही शब्द बोलली नाही कधी? तुम्हाला आईसुद्धा म्हणाली नाही?”

रूपाबाईला नुसतं ‘न्हाई’ म्हणायचं होतं. गोपीचंदचं कोपर तिच्या बरगडीला लागलं.

“म्हणली व्हती,” ती म्हणाली. “याडी म्हणायची मला. आमच्यात आईला याडी म्हणतेत. लई बोलायची. तापात गेलं सगळं.”

दारात उभ्या असलेल्या माणिकरावांनी डोळे मिटून घेतले.

“बाईसाहेब, तिला समजत न्हाई,” गोपीचंद हात जोडून पुढं झाला. “तुमी जन्मापासूनच लिव्हा. पाया पडतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ताप कधी आला होता?”

“दिवाळीत,” रूपाबाई म्हणाली.

“मान आखडली होती?”

“व्हय.”

डॉक्टर खुर्ची मागं सारून उठल्या. “बाहेर थांबा,” एवढंच म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

व्हरांड्यात गोपीचंद भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोला म्हणाला, “काहून बोललीस? पोरीचं वाटोळं केलंस तू.”

“तिनं मला हाक मारली व्हती,” रूपाबाई म्हणाली. “मारलीच न्हाई, असं कोण्या तोंडानं सांगू?”

“आता जलमभर मारणार न्हाई.”

आतून डॉक्टरांचा आवाज चढत होता. शब्द कळत नव्हते. एकदा “नियम मला माहीत आहे” ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. रूपाबाईनं पुजाला छातीशी घट्ट धरलं. लेकरू तिच्या तोंडाकडं बघत होतं, ओठ हलतील म्हणून.

दार उघडलं. “आज निघता येईल?” डॉक्टरांनी विचारलं. “मुंबईला. ऑपरेशन याच आठवड्यात.”

गोपीचंदला काही उमजेना. माणिकराव पुढं आले. “पण मॅडम, कोड...”

“जो खरा आहे तोच टाका. मेंदूज्वरानं गेलेले कान. संस्थेच्या प्रमुखांशी बोलणं झालंय. ते आधी तयार नव्हते, आता आहेत. अर्जंट लिहा.”

माणिकराव लिहायला बसले.

मुंबईत ऑपरेशन झालं त्या दिवशी सर्जन हिरव्या कपड्यांतच बाहेर आले. गोपीचंद फरशीवरून धडपडत उठला. सर्जन म्हणाले, मशीन बसलं. पण डाव्या कानात जमलं नाही. या तापानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड भरत जातं. एकदा तो बुजला की मशीनची तार आत जात नाही. डावा पुरता बुजला होता. उजव्यात अजून थोडी वाट होती, तेवढ्यातून तार गेली.

गोपीचंदनं विचारलं, “साहेब, आमच्या शिबिरातली बाकीची लेकरं? जन्मापासूनवाली? त्यांचं झालं का?”

“त्यांना घाई नसते,” सर्जन म्हणाले. “त्यांना जूनची तारीख दिलीय. जूनमध्ये हिच्या उजव्या कानातही सुईसुद्धा गेली नसती.”