बुवांची दमणी

या, असे जवळ सरका. आमच्या नाचणगावच्या बंडोपंतबुवांची गोष्ट सांगायची आहे. छोटीशीच आहे, पण मन लावून ऐका.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. रामनवमीची पहाट होती, आणि बुवांचं कीर्तन देवळीला होतं. बुवा दमणीतून एक पाय खाली टाकत होते, आणि गावातला शेतकरी रूपराव तो पाय दोन्ही हातांनी धरून पुन्हा गाडीत ठेवत होता.

"काऊन ऐकत नाई बुवा तुमी? देवळीपावतर पायी जासान? लोक माह्या तोंडात शेन घालतीन. म्हनतीन, याच्या गोठ्यात बैलजोडी अन् कीर्तनकार उन्हातान्हात!"

"अरे, निदान वेशीपर्यंत तरी चालू दे."

"वेशीपावतर चालाले तुमी का म्हशी हाकून राह्यले?" रूपराव हसला आणि त्यानं बैलांना हाक घातली.

बुवांनी पाय आत घेतला. एवढ्या प्रेमापुढे माणसाचं काय चालतं?

बुवांचं कीर्तन काय सांगावं! तासन् तास उभे राहायचे, नाचायचे, आणि लांबलचक पद एका दमात असं वर न्यायचे की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. लोक म्हणायचे, सरस्वती प्रसन्न आहे. बुवांच्या गुरूंनी मात्र त्यांना तरुणपणीच बजावलं होतं. "कीर्तनकार उभा राहतो मांड्यांवर आणि गातो छातीवर. रोज विहिरीचं पाणी ओढ आणि कीर्तनाला पायीच जा. यातलं एक जरी सोडलंस, तरी गळा तुझा राहणार नाही." म्हणून बुवा पहाटे देवळाच्या विहिरीवर अर्ध्या आळीचे रांजण भरायचे. कीर्तन कुठंही असो, पद म्हणत झपाझप चालत जायचे. लोकांना वाटे, केवढं हे वैराग्य! देवाच्या दारात आपल्या देहाचं काय कौतुक सांगायचं, म्हणून बुवांनी कधी खुलासा केला नाही.

मागल्या पावसाळ्यात बुवांना हिवतापानं धरलं. गावानं जिवापाड केलं. ताप उतरला, पण सेवा थांबेना. विहिरीवर गेले की रूपरावची बायको शकुबाई हातातला दोर काढून घ्यायची. "सोडा बुवा! तुमच्यासारक्या देवमानसाले पानी ओढू देल्लं तं आमाले नरकातबी कोनी उभं करनार नाई." चोरून पायवाटेनं निघावं, तर कोणीतरी शेतातनं गाडी जुंपून मागे धावत यायचा आणि हात जोडून वर बसवायचा.

आधी दम गेला. दंड-मांड्या बरेच दिवस होत्या तशाच होत्या, म्हणून बुवांनाही वाटलं, कफ असेल, जाईल. दिवाळीनंतर पदाच्या मध्येच श्वास घ्यावा लागू लागला. संक्रांतीपासून उभं राहिलं की मांड्याही कापू लागल्या.

देवळीचा मंडप माणसांनी गच्च भरला होता. बुवांनी आख्यान कसंबसं ओढत आणलं. सूर्य माथ्यावर आला. पुजाऱ्यानं पाळण्याची दोरी हाती घेऊन बुवांकडे पाहिलं. आता जन्माचं पद. ते चढत चढत जायचं, अगदी वरच्या सुरावर रामाचं नाव यायचं, आणि त्या नावाबरोबर गुलाल. बुवांनी सूर लावला. अर्ध्यावरच छाती रिकामी झाली. नाव ओठांशी आलं आणि बाहेर पडेना. मांड्या लटपटल्या. नारदाच्या गादीवर आयुष्यभर ताठ उभा राहिलेला तो माणूस मटकन खाली बसला. डोळ्यांना धारा लागल्या.

पुजारी पाळण्याची दोरी धरून तसाच बघत राहिला. मग बायकांतून कोणीतरी किंचाळलं, "देव बोलला वं बुवाशी!" आणि गुलालानं सगळा मंडप लाल झाला.

रूपराव धावत येऊन पायांवर कोसळला. "बुवा, असा भाव जन्मात पाह्यला नाई!"

बुवांनी त्याच्या मानेला धरून त्याचा कान जवळ ओढला. "भाव नव्हता रे, रूपराव. दम संपला. मला चालू दे. पाणी ओढू दे. अजून वेळ गेलेली नाही. हळूहळू गळा परत येईल. हात जोडतो तुला."

रूपराव डोळे पुसत उठला आणि लोकांकडे वळला. "ऐका हो! एवढा देव भेटला, तरी म्हनते दम संपला! याले म्हनते लीनता!"

जयजयकार झाला. चौघांनी बुवांना अलगद उचललं. पाय जमिनीला लागू दिला नाही.

पुढे बुवा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. गावानं त्यांच्यासाठी देवळाच्या ओट्यावर मऊ गादी घातली. लांबलांबून माणसं पाया पडायला येऊ लागली. बुवांनी त्यांतल्या दोघातिघांना खरं सांगून पाहिलं. ते गहिवरून पुन्हा पाया पडले. मग बुवांनी बोलणंच सोडलं.

मायबाप, नाचणगावला कधी गेलात, तर त्या ओट्याशी घटकाभर थांबा आणि आमच्या बुवांची आठवण काढा. तिथं कोणीही तुम्हाला भरल्या डोळ्यांनी सांगेल, की रामानं दर्शन दिलं आणि बुवांनी मौन घेतलं. तुम्ही तेवढं ध्यानात ठेवा, मौन त्यांनी घेतलं नव्हतं.