विरुद्ध बाजू

"मला संघातून का काढलं, सर?" हर्षलाने टेबलावरची घंटी स्वतःकडे ओढली.

"नियम माहीत आहे ना? तक्रार करण्याआधी समोरच्याची बाजू दोन मिनिटं मांडायची." शाळेच्या वादविवाद संघासाठी हा नियम मीच केला होता. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून तिचं नावही मीच खोडलं होतं.

"मांडते. हर्षलाचे उच्चार गावठी आहेत. हर्षला परीक्षकांशी वाद घालते. शिवाय संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला यंदा करंडकाला जायचंय, आणि संघात जागा दोनच आहेत." ती एकदाही अडखळली नाही. "आता तुमची पाळी. मला का घ्यावं, ते बोला."

तिला गप्प करायचं म्हणून मी उभा राहिलो, पण बोलू लागलो आणि थांबता येईना. तिची तीन वर्षांतली बक्षिसं, तिचं वाचन, पुतण्याचं घोकलेलं भाषण, सगळं निघालं.

घड्याळात बरोबर दोन मिनिटं झाल्यावर तिने घंटी वाजवली. "छान बोललात. आता हेच शेजारच्या खोलीत जाऊन मुख्याध्यापकांना ऐकवा."

मी खुर्चीत बसलो.

तिने पुन्हा घंटी वाजवली. "वेळ संपली, सर."