साडेतीन तासांचा रस्ता

‘साडेतीन तासांचा तर रस्ता,’ आई म्हणाली आणि तिने पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ‘दहाला विमानात बसलाय. आता दीड वाजला. दारात कोण आलंय बघ गं.’

मुलीने पाहिलं. दारात औषधांची ट्रॉली आली होती. भाऊ तर परदेशातून निघाला होता; आई ग्लानीत बोलतेय, असं तिला वाटलं.

सकाळी डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं होतं. ‘संध्याकाळपर्यंत बघू,’ म्हणाले होते. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की आपण काय समजायचं, हे तिला कळत होतं.

वडील पाठ करून खिडकीशी उभे होते. त्यांनी तीस वर्षं बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे काढली होती. गाडी चार तास उशिरा असली तरी चार तास म्हणायचं नाही, अर्धा-अर्धा तास करत सांगायचं. प्रवासी टिकून राहतात आणि काचाही शाबूत राहतात. हे शास्त्र त्यांनी घरीही लावलं. चार वर्षांपूर्वी आई मुलाला परदेशी जाऊ देईना, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे तिकीटच धरलं. सुटणार सकाळी नऊ चाळीसला, पोचणार त्याच दिवशी दुपारी एक दहाला. हिशेब आईने स्वतः बोटांवर केला. तिथली घड्याळं जवळजवळ अर्धा दिवस मागे चालतात, हे तिकिटावर लिहिलेलं नव्हतं. मग आपण तरी कशाला सांगा, असा वडिलांनी विचार केला.

मुलगा गेला. आईने सहा महिने वाट पाहिली, मग अबोला धरला. ‘माझं माहेर पाच तासांवर होतं, तरी मी दर सुट्टीला जायचे. आणि हा साडेतीन तासांवर बसून तोंड दाखवत नाही!’ रविवारी त्याचा फोन आला की ती स्वयंपाकघरात जायची. फोनवर फक्त भांड्यांचा आवाज पोचायचा. आपण घर सोडलं म्हणून आई चिडलीय, असं मुलगा समजायचा. मुलीला ते साडेतीन तास म्हणजे आईचा नेहमीचा टोमणा वाटायचा. वडिलांना सगळंच कळत होतं, त्यामुळे ते पेपर वाचायचे.

‘नाहीच आला ना?’ आई म्हणाली. ‘आता मी गेल्यावर येईल. मग म्हणावं, बोल काय बोलायचं ते.’

‘अर्धा तास उशीर आहे,’ वडील सवयीने बोलून गेले. मग वळले. ‘अगं, पंधरा तास लागतात.’

‘कशाला?’

‘त्याला यायला. पहिल्यापासून पंधराच लागतात.’

मोजायला उचललेली बोटं आईने तशीच चादरीवर ठेवली.

‘अहो, मग साडेतीन वर्षं मी त्याच्याशी बोलत का नव्हते?’

वडील पुन्हा खिडकीकडे वळले.

‘फोन लाव गं त्याला,’ आई मुलीला म्हणाली. ‘आत्ता लाव. दोनच शब्द बोलायचेत.’

मुलीने नंबर लावला. कट केला. पुन्हा लावला. आजवर असं कधी झालं नव्हतं; घरचा फोन तो पहिल्या रिंगला उचलायचा.

‘लागत नाही, आई,’ ती म्हणाली. ‘तो विमानात आहे, तुझ्याकडे यायला निघालाय.’