ट्रिगर कोणी बंद केला?

धाकटी चहाला खाली गेली आणि थोरलीने तिचा ट्रिगर बंद केला.

लहान मुलांच्या इस्पितळातली संगणकाची खोली. दोघी सख्ख्या बहिणी, टेबलं समोरासमोर. इथलं सगळं सॉफ्टवेअर थोरलीने एकहाती उभं केलं होतं. कुणी चुकीचं काही भरलं, की पडद्यावर लाल चौकट यायची आणि माणूस तिथेच अडायचा. मग धाकटी रुजू झाली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "नुसतं पडद्यावर तपासून कसं चालेल, ताई? नवे वजनकाटे बाळाचं वजन थेट डेटाबेसमध्ये पाठवतात. तिथे कुठला आलाय पडदा?" तिने डेटाबेसमध्येच ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, बसवला. नोंद कुठूनही येवो, बाळाच्या आदल्या वजनाशी मेळ नसेल तर तो ती आत घेतच नसे.

"असली छुपी कामं नकोत. उद्या काही अडलं तर कुठे अडलं, ते शोधत बसा," थोरली म्हणाली होती. मुद्दा खोटा नव्हता. पण विभागप्रमुख बाई धाकटीकडे बघून कौतुकाने हसल्या, आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं जुनंच. घरी पाहुणे आले की गाणं म्हणायचं धाकटीने, कप विसळायचे थोरलीने.

आता ट्रिगर दिवसभर बंद ठेवायचा आणि संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांदेखत विचारायचं, "अडलं का कुणाचं काही?" एवढाच तिचा बेत होता.

दुपारी वॉर्डातून फोन आला. एका काट्याने दशांश चिन्ह गिळलं होतं. चार किलोच्या बाळाचं वजन चाळीसच्या वर नोंदलं गेलं, आणि औषधाचं प्रमाण त्यावरूनच निघालं. नर्स इंजेक्शन भरणार, तोच पडद्यावर थोरलीची लाल चौकट आडवी आली : या वयाला एवढं औषध चालणार नाही.

बाळ सुखरूप होतं. धाकटी वॉर्डाकडे धावली, तेवढ्यात थोरलीने ट्रिगर गुपचूप चालू करून टाकला.

बैठकीत बाई थोरलीला म्हणाल्या, "तुमच्या चौकटीने आज बाळ वाचलं. पण मुळात ते वजन आत शिरलं कसं? ट्रिगर होता ना?"

थोरली काही बोलणार, तोच धाकटी उभी राहिली.

"मी बंद केला होता. चाचणीसाठी. चालू करायला विसरले."

बाईंनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. काट्यांचं काम काढून घेतलं. थोरली सुटली होती. पण आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. हिला सगळं कळलंय, आणि तरी पाठीशी घालतेय. म्हणजे चांगुलपणातसुद्धा हीच पुढे!

जिन्यात तिने धाकटीला गाठलं. "एवढा मोठेपणा कशाला दाखवलास? मी मागितला होता?"

"कसला मोठेपणा?" धाकटीचे डोळे भरून आले. "बैठकीआधी मी बघितलं, ताई. ट्रिगर चालूच होता. चालू असून त्याने ते वजन आत जाऊ दिलं, आणि पकडलं कुणी? तुझ्या चौकटीने. नेहमीचंच आहे हे. माझं लोकांना आवडतं, आणि वेळेला उपयोगी पडतं ते तुझं. माझा ट्रिगर तुझ्यापुढे हरला, हे चारचौघांत ऐकण्यापेक्षा बेफिकीर म्हणवून घेतलेलं परवडलं मला."

ही बहीण आपला हेवा करते, हे थोरलीच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं, की जन्मभराची बाजी तिची होती.

"तो हरला नाही गं," ती म्हणाली. "मी बंद केला होता."