तारेवरची दोन अक्षरं

"पुन्हा पाठवणार नाही. सुटलं ते सुटलं," अकोल्याहून उत्तर आलं.

देवमनने ओठ घट्ट मिटले आणि पुढचा शब्द कानात पकडला. दुपारी गर्दी ओसरली की अमरावतीच्या तार ऑफिसातून अकोल्याची लाइन मोकळी मिळे. तेवढ्या वेळात पलीकडचा माणूस त्याला सराव देई. मोर्सच्या डॉट-डॅशमध्ये अक्षरं रोमन, वाक्यं मराठी, आणि वेग दर आठवड्याला थोडा चढता. टेबलावरचं पितळी साउंडर, आलेल्या तारेचे ठोके वाजवणारं यंत्र, कडकट करत राही, देवमनची पेन्सिल त्याच्यामागे धावत राही.

पलीकडच्या माणसाची खूण होती केके. तारेवर कुणाला नाव नसतं. प्रत्येक तारबाबूला दोन अक्षरं मिळतात आणि निरोपाच्या शेवटी तेवढीच पाठवायची असतात. देवमनची खूण डीएम. चांदूर बाजारकडच्या खेड्यातून आलेला हा त्याच्या घरातला पहिला सरकारी नोकर. एकसष्ट साल होतं. नोकरी अजून कच्ची होती. वेगाची परीक्षा पास झाली तर पक्की, नाही तर परत गावाकडे, दुसऱ्याच्या वावरात रोजीनं.

केके म्हणजे कमलाकांत, हे त्याला अकोल्याहून बदलून आलेल्या एका कारकुनाने सांगितलं. आपलं नाव मात्र देवमनने स्वतःच सांगितलं. एका दुपारी केकेने विचारलं, "डीएम म्हणजे कोण?"

देवमनचा हात तार पाठवायच्या किल्लीवर थांबला. नुसतं देवमन एवढं पाठवलं असतं तरी भागलं असतं. त्याने एकेक अक्षर सावकाश, स्वच्छ पाठवलं. देवमन नत्थुजी. बौद्ध.

लाइन थोडा वेळ गप्प राहिली. मग उत्तर आलं, "तुझा डॅश आखूड पडतो. सुधार."

सराव चालूच राहिला. उलट अधिक कडक झाला. पण देवमनच्या मनात ती गप्प लाइन राहून गेली.

त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. आमंत्रण त्याने तारेवरच दिलं. "आशीर्वाद. येणं जमणार नाही," केकेने कळवलं. कारण दिलं नाही. लग्नानंतर देवमनने एकदा अकोल्याला येऊन भेटतो म्हटलं. "नको. सराव कर," एवढंच आलं.

मग त्याने साहेबांची परवानगी काढून अकोल्याच्या ऑफिसात टेलिफोन लावला. शेषराव नावाच्या तारबाबूने उचलला.

"कमलाकांतजी कामात हायेत. काय निरोप द्याचा?"

"बोलाचं होतं दोन शब्द."

"नाई जमत जी त्यायले."

दुसऱ्या वेळेसही फोन शेषरावनेच उचलला आणि तेच सांगितलं. त्याच दुपारी केके लाइनवर हजर होता, अगदी मोकळा.

"फोनवर कावून येत नाही तुमी?" देवमनने पाठवलं.

"लिही," केकेने उत्तर दिलं आणि पुढचं वाक्य सोडलं.

घरी त्याने हे बायकोला, पंचफुलाला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "तारेवरून इटाळ होत नाही. म्हणून बोलते तो. समोर बसलं की होते."

"मलेबी तसंच वाटते."

"मंग सोडून द्या त्याचा नाद."

"नाही सोडत," देवमन म्हणाला. "त्याच्या मनात काई असो. हात त्याचा साफ हाय. मी तो सारा शिकून घेतो, पास होतो, अन मंग जातो विचाराले."

पावसाळा सरेपर्यंत त्याने एक दुपार चुकवली नाही. अंगात ताप असतानाही बसला. शब्द सुटला तर मागे पाहायचं नाही, हे आता बोटांत मुरलं होतं. परीक्षेत त्याच्या शेजारची दोन माणसं पेन्सिल खाली ठेवून बसली. देवमन शेवटच्या अक्षरापर्यंत लिहीत राहिला.

तो पास झाला. सगळ्यात आधी बातमी अकोल्याला गेली.

"छान. उद्यापासून वेग वाढवू," केके म्हणाला.

पुढच्या सुटीच्या दिवशी देवमनने पेढे घेतले आणि अकोल्याची गाडी धरली. हा माणूस आपल्या हातचा पेढा खातो की नाही, ते त्याला समोर उभं राहून पाहायचं होतं.

अकोल्याच्या ऑफिसात त्याने दारातल्या शिपायाला विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड करून बसलेला एक गृहस्थ दाखवला. पांढरा सदरा, विरळ केस. डावा हात साउंडरवर टेकलेला, उजव्या हाताने तार लिहिणं चाललेलं. लाइन थांबली, पेन्सिल खाली ठेवली गेली. देवमन खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"कमलाकांतजी, मी देवमन. अमरावतीचा."

पाठ हलली नाही.

"डीएम," तो मोठ्याने म्हणाला. बाकीच्या टेबलांवरची माणसं वर पाहू लागली. कमलाकांतने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

देवमनने आवाज हलू दिला नाही. "तुमच्यामुळे माही नोकरी पक्की झाली. ते मी जलमभर इसरणार नाही. पण माह्या हातची तार चालते तुमाले, अन मी मागं उभा हाय तर मान वळवाले जड जाते? तसं असन तर तोंडानं सांगा. ऐकाची तयारी करूनच आलो मी."

कमलाकांत समोरच्या भिंतीकडेच पाहत राहिला.

पलीकडच्या टेबलावरून एक जाडसर माणूस लगबगीने उठला. देवमनला दंडाला धरून त्याने व्हरांड्यात आणलं आणि मागचं दार लोटून घेतलं.

"मी शेषराव. फोनवर मीच बोललो होतो तुमच्याशी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साहेबाच्या कानावर जाऊ देऊ नका, भाऊ. नोकरी जाईन त्यायची. दोन्ही कान गेले त्यायचे, तीन वरसं झाले. तार ते बोटानं घेतात."